खोली क्रमांक नऊमधली फ्रेंच

वजनमापे खात्यातल्या निरीक्षकांना अख्खं कार्यालय पाठीमागे ‘काटेकोर’ म्हणायचं, आणि हे कानावर गेलं तेव्हा निरीक्षकांनी ते बिरूद म्हणून स्वीकारलं. सव्वीस वर्षं त्यांनी दुकानादुकानांतले तराजू तपासले होते. काटा केसभर डावीकडे झुकला तरी यांच्या कपाळाला आठी पडायची. हातात पितळी वजनांची कातडी बॅग, छातीवर ‘निरीक्षक’ असा बिल्ला आणि चेहऱ्यावर ‘आम्हाला चहा नको’ असा भाव घेऊन ते रस्त्याने निघाले, की दुकानदार उगाचच वजनं पुसायला लागत.

पण हाच माणूस स्वतःसाठी दोन वस्तूंमधली एक निवडायची म्हटलं की पार गळपटून जायचा. दोन्ही पारडी सारखी झाल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे, आणि ती सारखी झाली की आता उचलायचं काय, हा प्रश्न उभा राही. एकदा घराला पडदे घ्यायचे होते. हिरवे की निळे, यावर त्यांनी इतका सखोल विचार केला की तेवढ्यात समोर नवी इमारत उभी राहिली आणि खिडकीतून उन्हाचा प्रश्नच मिटला.

त्यांच्या बायकोचं काम नेमकं उलट. ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची. दिवसभर माणसं खुर्चीवर बसवायची, डोळ्यांपुढे काचा सरकवायच्या आणि विचारायचं, “हे स्पष्ट दिसतं, की हे?” तीन सेकंदांत उत्तर. नाही आलं तर ती स्वतःच काय ते ठरवायची आणि पुढच्याला बोलवायची. संसारही तिने साधारण याच पद्धतीने चालवला होता.

भानगड सुरू झाली एका रविवारी, मेहुण्यामुळे. मेहुणा लिफ्ट विकायचा. त्यासाठी चार देश फिरून आला होता आणि प्रत्येक देशातून दोन-दोन शब्द खिशात घालून आणले होते. “बोंजूर, दाजी!” म्हणतच तो घरात शिरला. चहा झाल्यावर “मेर्सी, ताई” म्हणाला. तिसऱ्या बिस्किटाला त्याने निरीक्षकांकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

“दाजी, तुम्हीपण एखादी भाषा शिकायला हवी होती. आता काय, वय झालं की जीभ वळत नाही. तुमची तर तरुणपणीही फारशी वळत नव्हती म्हणा.”

बायको हसली. परक्याने अपमान केला तर माणूस तो गिळतो, पण त्यावर बायको हसली की गिळलेला अपमान परत वर येतो. निरीक्षक ताठ बसले आणि त्यांच्या तोंडून आयुष्यातलं पहिलं खोटं माप बाहेर पडलं.

“मी परदेशी भाषेच्या वर्गात नाव घातलंय.”

“कुठल्या भाषेच्या?” बायकोने विचारलं.

“ते... स्पॅनिश की फ्रेंच, यावर अंतिम निर्णय व्हायचाय.”

ह्या दोनच भाषा का, तर कार्यालयाच्या वाटेवरच्या भिंतीवर सायंकाळच्या भाषाशाळेचं पत्रक त्यांनी पाहिलं होतं, आणि त्याचा खालचा अर्धा भाग कुणीतरी फाडून नेला होता. उरलेल्या अर्ध्यात ह्या दोनच होत्या.

सोमवारपासून निरीक्षक कामाला लागले. कोऱ्या कागदावर मधोमध रेघ मारून डावीकडे स्पॅनिश, उजवीकडे फ्रेंच लिहिलं. स्पॅनिशखाली ‘फार देश बोलतात’ असं लिहिलं. फ्रेंचखाली ‘बोलणारे सभ्य वाटतात’. मग दोन्हींखाली ‘येत नाही’ असं लिहिलं आणि तिथे कागद अडला. तेव्हा त्यांनी वाचनालयातून दोन्ही भाषांचे शब्दकोश आणले आणि दुपारच्या सुट्टीत कार्यालयातल्या प्रमाणित तराजूवर ठेवले. स्पॅनिश एकेचाळीस ग्रॅमने जड भरली. सहकाऱ्याने विचारलं, “मग स्पॅनिश ठरली?” त्यावर निरीक्षक म्हणाले, “असं कसं? जड म्हणजे शब्द जास्त. शब्द जास्त म्हणजे पाठांतर जास्त. उलट हा मुद्दा फ्रेंचच्या बाजूने जातो.” थोड्या वेळाने त्यांच्या लक्षात आलं की स्पॅनिश कोशाला पुठ्ठ्याची बांधणी आहे आणि फ्रेंचला साधी. म्हणजे वजनच अवैध. दोन्ही पारडी पुन्हा सारखी.

इमारतीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. पहिल्या मजल्यावर ‘फोनमावशी’ राहायच्या. तीस वर्षं त्यांनी टेलिफोन खात्यात परदेशी कॉल जोडून दिले होते, त्यामुळे सगळं जग त्यांना आवाजावरून ठाऊक होतं आणि चेहऱ्यावरून कुणीच नाही.

“स्पॅनिश घेऊ नका,” त्या जिन्यातच म्हणाल्या. “ती माणसं श्वास घेत नाहीत हो. तीन मिनिटांच्या कॉलमध्ये नऊ मिनिटांचं बोलून मोकळी. तुमचं तसं नाही. तुम्ही ‘हॅलो’ म्हणेपर्यंत तीन मिनिटं जातात.”

“म्हणजे फ्रेंच घेऊ?”

“फ्रेंच माणूस फोन ठेवतो म्हणतो आणि ठेवतच नाही. तुमची भीड पडेल. रात्र होईल.”

तळमजल्यावर दंतवैद्यांचा दवाखाना होता. निरीक्षक तिथे खरं म्हणजे दाढ दाखवायला गेले होते. तोंड उघडून खुर्चीत आडवे पडलेल्या माणसाला सल्ला देण्यातला आनंद डॉक्टरांनी पुरेपूर घेतला.

“फ्रेंच नाकातून बोलतात,” आरशाने दाढ चाचपत ते म्हणाले. “तुमच्या नाकाचं हाड वाकडं आहे. अर्धी भाषा आतच राहील.”

“आं,” निरीक्षक म्हणाले.

“स्पॅनिशमध्ये ‘र’ म्हणायला जीभ फडफडवावी लागते. तुमचे वरचे दोन दात हलताहेत. एखादं भाषण जोरात केलंत, तर पुढच्या रांगेतल्यांनी सांभाळून बसावं. माझं वैद्यकीय मत विचाराल तर दोन्ही भाषा तुमच्या तोंडाच्या नाहीत. चूळ भरा.”

शेवटी त्यांनी बायकोला विचारलं. ती म्हणाली, “डोळे मिटा. स्पॅनिश, की फ्रेंच?”

“पुन्हा एकदा म्हण.”

“स्पॅनिश. की फ्रेंच.”

“पहिलं जरा बरं वाटलं. पण दुसरं पुन्हा दाखव.”

“पुढचा पेशंट,” असं म्हणून ती झोपायला गेली.

भाषाशाळा एका जुन्या तीनमजली इमारतीत भरायची. अर्जाच्या खिडकीवर एक बाई बसायच्या. पुढ्यात शिक्के, शाई आणि ‘चौकशी करू नये’ अशी पाटी. निरीक्षकांनी अर्ज घेतला, स्पॅनिशपुढच्या चौकोनात खूण केली, दोन पावलं मागे गेले, परत आले, ती खोडली आणि फ्रेंचपुढे केली.

“खाडाखोड चालत नाही,” खिडकीबाई म्हणाल्या.

“मग नवा अर्ज द्या.”

“जुना रद्द केल्याशिवाय नवा मिळत नाही. रद्द करायला विनंतीपत्र लागतं. त्यात कारण लिहा.”

निरीक्षकांनी उभ्याउभ्या कारण लिहिलं, ‘अधिक विचारांती’. नवा अर्ज मिळाला. दुसऱ्या दिवशी तो रद्द करायला ते परत आले. कारण, ‘फेरविचारांती’. तिसऱ्या दिवशी, ‘फेरविचाराचा विचार करता’. चौथ्या दिवशी खिडकीबाईंनी चष्मा काढला आणि त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं.

“साहेब, एक विचारू? तुम्ही लग्न कसं केलंत?”

“मी नाही केलं. बायकोनेच केलं,” निरीक्षक प्रामाणिकपणे म्हणाले.

“तरीच.”

शेवटच्या तारखेला, खिडकी बंद व्हायला सात मिनिटं असताना निरीक्षक धापा टाकत पोचले. वाटेत त्यांनी मन घट्ट करून स्पॅनिश नक्की केली होती.

“स्पॅनिशचा वर्ग भरला,” खिडकीबाई म्हणाल्या आणि ‘फ्रेंच’ असं स्वतःच्याच हाताने लिहून शिक्का मारला. “खोली क्रमांक नऊ. मंगळवार, शुक्रवार, साडेसहा. आता पळा.”

घरी येऊन निरीक्षकांनी सांगितलं, “सर्व बाजूंनी विचार करून मी फ्रेंचच्या बाजूने कौल दिला.” बायको म्हणाली, “अगदी बरोबर केलंत.” ती स्पॅनिशलाही हेच म्हणाली असती, अशी शंका त्यांना आली, पण त्यांनी ती बाजूला सारली.

पहिल्या मंगळवारी ते कार्यालयातून थेट शाळेत गेले. बॅग हातात, बिल्ला छातीवर. दुसऱ्या मजल्यावर डाव्या हाताला खोली क्रमांक नऊ सापडली. दार उघडताच शिकवणाऱ्या बाई बोलता बोलता थांबल्या. त्यांची नजर बिल्ल्यावर गेली, मग बॅगेवर गेली आणि त्यांचा चेहरा खडूसारखा झाला. लगबगीने त्यांनी आपली खुर्ची मागच्या भिंतीशी नेऊन ठेवली, पाण्याचा पेला आणून दिला आणि म्हणाल्या, “ब्वोनासेरा, सिन्योरे.” निरीक्षकांनी मनात नोंद केली: सकाळी बोंजूर, संध्याकाळी ब्वोनासेरा.

शिकवण्याची पद्धत आधुनिक होती. वर्गात मराठीचा एक शब्द बोलायचा नाही. जी भाषा शिकायची ती थेट त्याच भाषेतून शिकायची. पुस्तक नव्हतं, बाई छायाप्रती वाटत. निरीक्षकांना त्यातली पहिली, सर्वांत स्पष्ट प्रत मिळायची. बाई त्यांना कधी प्रश्न विचारत नसत, हजेरीतही त्यांचं नाव घेत नसत. निरीक्षक वहीत काही लिहू लागले की बाईंचा आवाज किंचित कापायचा आणि फळ्यावरचं अक्षर अधिक वळणदार व्हायचं. आपल्या वयाचा आणि हुद्द्याचा हा मान आहे, असं निरीक्षकांनी गृहीत धरलं. सगळ्यांनी मिळून वाक्यं म्हणायची असत तेव्हा ते मागून सर्वांत मोठ्याने म्हणत. पुढे बसलेली माणसं एकमेकांकडे बघत आणि मान खाली घालून त्यांच्यामागोमाग म्हणत.

आणि आश्चर्य म्हणजे त्यांना भाषा यायला लागली! रोज सकाळी दाढी करताना ते आरशाला क्रियापदं ऐकवत. हाड वाकडं असूनही नाकाची कुठे गरज पडली नाही. फोनवर भाषांतराची सोय असते, असं बायकोने एकदा सुचवलं. तेव्हा ते म्हणाले, “यंत्रं मी तपासतो. यंत्रांनी मला तपासायचं नाही.”

चौथ्या आठवड्यात मेहुणा आला. “बोंजूर, दाजी! फ्रेंच काय म्हणते?”

“संध्याकाळचे सहा वाजलेत,” निरीक्षक शांतपणे म्हणाले. “आत्ता ब्वोनासेरा म्हणायचं.”

मेहुणा गडबडला. चहा घेऊन “मेर्सी” म्हणाला.

“ग्रात्स्ये,” निरीक्षकांनी दुरुस्त केलं. “मेर्सी बाजारात चालतं. सुशिक्षित माणसं ग्रात्स्ये म्हणतात.”

मेहुण्याने बहिणीकडे पाहिलं. चार देश फिरलेल्या माणसाचा चेहरा असा पडलेला पाहून निरीक्षकांना त्या रात्री फार गाढ झोप लागली.

पाचव्या आठवड्यात शाळेचं पत्र आलं. ‘आपण पहिल्या दिवसापासून फ्रेंचच्या वर्गास गैरहजर असल्याने आपलं नाव कमी का करू नये, याचा खुलासा करावा.’ निरीक्षकांचं पित्त खवळलं. सव्वीस वर्षांत एकदाही उशीर न झालेल्या माणसाला गैरहजर! त्यांनी दोन पानी खुलासा लिहिला. ‘मी प्रत्येक तासास हजर होतो, आहे व राहीन. दोष आपल्या नोंदवहीत आहे. आपल्या नोंदी ज्या मापाने होतात ते माप एकदा तपासून घ्यावे. मी स्वतः त्या कामी उपलब्ध आहे.’ हा खुलासा शाळेने शिक्का मारून फाइलला लावला, आणि फाइलला लागलेली गोष्ट पुन्हा कुणी वाचत नाही, हे वेगळं सांगायला नको.

याच सुमारास दंतवैद्यांकडे पाहुण्या येणार असं कळलं. फ्रान्सहून एक नामांकित दंतवैद्यीण बाई चार दिवसांसाठी येणार होत्या. डॉक्टर स्वतः वर आले.

“तुमच्याबद्दल बोललो ते मागे घेतो. तुमच्या मेहुण्याकडून ऐकलं, तुम्ही अगदी सुशिक्षित फ्रेंच बोलता म्हणे. शनिवारी तळमजल्यावरच्या सभागृहात छोटा स्वागत समारंभ आहे. दोन शब्द तुम्हीच बोला.”

निरीक्षकांनी दोन शब्दांचे दोनशे केले, पाठ केले, आणि शनिवारी इस्त्रीचा कोट घालून उभे राहिले. सगळी इमारत जमली होती. मेहुणाही मुद्दाम आला होता. पहिल्या रांगेत पाहुण्या बाई, शेजारी डॉक्टर. पाहुण्या बाई प्रसन्न हसत होत्या.

“जेंतीले सिन्योरा,” निरीक्षकांनी सुरुवात केली, “बेनवेनूता नेल्ला नोस्त्रा काझा!”

पाहुण्या बाईंचं हसू जागच्या जागी राहिलं, फक्त भुवया वर गेल्या. निरीक्षकांना वाटलं, भारावल्या. त्यांचा आवाज चढला. हात आपोआप हलायला लागले. ते दातांच्या आरोग्याविषयी बोलले, हवेविषयी बोलले, आपल्या बायकोविषयी आणि तिच्या चष्म्यांविषयी बोलले. पाहुण्या बाई डॉक्टरांच्या कानाला लागल्या. डॉक्टरांनी खांदे उडवले. सभागृहात चुळबुळ सुरू झाली. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून फोनमावशी उठल्या, तुरुतुरु चालत पुढे आल्या आणि निरीक्षकांची बाही ओढत अख्ख्या सभागृहाला ऐकू जाईल अशा आवाजात कुजबुजल्या,

“अहो, ठेवा, ठेवा! राँग नंबर लागलाय. हे पॅरिस नाही, हे रोमचं एक्स्चेंज आहे!”

“म्हणजे?”

“इटालियन बोलताय तुम्ही. तीस वर्षं जोडलेय मी ही लाइन.”

सभागृहात एकच हशा पिकला. पाहुण्या बाई डॉक्टरांना काहीतरी म्हणाल्या आणि डॉक्टरांनी ते सर्वांना सांगितलं, “बाई म्हणतात, एक अक्षर कळलं नाही, पण उच्चार फार सुंदर होते आणि दात मजबूत वाटले.” त्यात मेहुणा पुढे सरसावला आणि वाकून “बोंजूर, मादाम!” म्हणाला. बाईंचा जीव भांड्यात पडला. “बोंजूर, मस्ये!” त्या एवढ्या आनंदाने ओरडल्या की मेहुण्याने त्या जोरावर तिथल्या तिथे “मेर्सी” म्हणून घेतलं आणि निरीक्षकांकडे पाहिलं. काही नजरा माणसाला जन्मभर पुरतात.

घरी आल्यावर निरीक्षक कोटासकट पलंगावर बसून राहिले. एरवी बायको थट्टा करायची, पण ती शेजारी येऊन बसली.

“हसू नकोस,” ते म्हणाले.

“नाही हसत. माझ्याबद्दल काय बोलत होतात तुम्ही? मध्ये हात असा माझ्याकडे केलात.”

“हेच, की... माझ्या पत्नीला सगळं स्पष्ट दिसतं. म्हणून मला कमी दिसलं तरी चालतं.”

बायकोने त्यांच्या कोटाची बटणं सोडवली. मग म्हणाली, “भाषा चुकली असेल. मजकूर काही वाईट नव्हता.”

मंगळवारी ते खिडकीवर गेले. खिडकीबाईंनी फाइल काढली, खुलाशाची दोन पानं वाचली आणि विचारलं, “हजर होतात म्हणता. कुठे?”

“दुसऱ्या मजल्यावर. खोली क्रमांक नऊ.”

“नऊ तिसऱ्या मजल्यावर आहे. दुसऱ्यावर सहा.”

दोघं जिना चढून गेले. दारावरचा पत्र्याचा इंग्रजी आकडा एका स्क्रूवर लोंबकळत होता. वरचा स्क्रू पडला होता आणि सहा उलटा होऊन सुखाने नऊ झाला होता. खिडकीबाईंनी बोटाने तो सरळ केला. बोट काढताच तो पुन्हा नऊ झाला. काटा सैल असल्याबद्दल आजवर शेकडो दुकानदारांना ज्यांनी नोटिसा दिल्या, त्या निरीक्षकांनी मान खाली घातली.

“इटालियनचा वर्ग हा,” खिडकीबाई म्हणाल्या. “पत्रकात खाली लिहिलं होतं की.”

आवाज ऐकून शिकवणाऱ्या बाई बाहेर आल्या. निरीक्षकांना पाहून त्या नेहमीसारख्या ताठ झाल्या आणि सहा आठवड्यांत पहिल्यांदा मराठीत बोलल्या, “काय झालं, साहेब? अहवाल वाईट गेला का?”

“कसला अहवाल?”

“माझ्या शिकवण्याचा. तुम्ही निरीक्षक ना, शिक्षण खात्याचे?”

“वजनमापे खात्याचा. मी विद्यार्थी आहे.”

बाई मटकन बाकावर बसल्या. आधी त्यांनी कपाळ धरलं, मग हसू आवरेना, मग एकदम संतापल्या. “सहा आठवडे मला धड झोप नाही! प्रत्येक तासाची चार-चारदा तयारी केली! तुम्ही वहीत लिहायला लागलात की वाटायचं, गेली माझी नोकरी!”

“क्रियापदं लिहीत होतो,” निरीक्षक म्हणाले. “फार छान शिकवता तुम्ही.”

बाईंचा राग निम्म्यावर आला. खिडकीबाईंनी दोघांकडे पाहिलं आणि काखेतला कोरा अर्ज पुढे केला. “फ्रेंचमध्ये अजून जागा आहे. स्पॅनिशमध्येही एकाने नाव काढलंय. इथेही बसता येईल. आता तिन्ही मोकळ्या आहेत. बोला, काय लिहू?”

निरीक्षकांनी अर्ज हातात घेतला. तीन चौकोन. जिन्यात गर्दी व्हायला लागली. खिडकीबाई खाली मान घालून मनात आकडे मोजायला लागल्या, कारण त्यांना पूर्वानुभव होता. पण त्यांचे पाच होण्याच्या आत निरीक्षकांनी दाराच्या चौकटीवर कागद टेकवून खूण केली, सही केली आणि परत दिला. खिडकीबाईंनी तो उजेडात धरून दोनदा पाहिला. खाडाखोड नव्हती.

“आत या,” शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या. “आणि मागे नाही बसायचं आता. पहिल्या बाकावर.”

निरीक्षकांनी बिल्ला काढून खिशात ठेवला आणि पहिल्या बाकावर जाऊन बसले. बाकीच्या विद्यार्थ्यांना खरा प्रकार कळल्यावर आधी खसखस पिकली, मग मागून कुणीतरी मनापासून सुस्कारा सोडला. बाईंनी लाल पेन उघडलं. सहा आठवड्यांचं भय एका संध्याकाळी वसूल करायचं, असा त्यांचा चेहरा सांगत होता. ही भाषा का शिकता, हे प्रत्येकाने उभं राहून त्याच भाषेत सांगायचं होतं. एका चर्मकाराने व्यवसायाचं कारण सांगितलं, बाईंनी त्याच्या तीन चुका काढल्या. एका मुलीने आपण तिकडे लग्न करून जाणार म्हणून सांगितलं, तिच्या दोन निघाल्या.

“सिन्योरे,” बाई निरीक्षकांकडे वळल्या. “पेर्के स्तूद्या लितालियानो?”

निरीक्षक उभे राहिले. कोटाची बाही त्यांनी सारखी केली. क्षणभर विचार केला, अगदी एकच क्षण.

“पेर झ्बाल्यो, सिन्योरा. मा अदेस्सो मी प्याचे,” ते म्हणाले. चुकून, बाई. पण आता आवडतं.

बाईंनी ते वाक्य फळ्यावर लिहिलं. लाल पेन हातात धरून एकेक शब्द तपासला, मग पुन्हा पहिल्यापासून तपासला, आणि पेनाला टोपण लावलं. त्यात एकही चूक नव्हती.